उलटी फेज

गेल्या वर्षी जुलैमधल्या एका रविवारी रात्री साडेअकरा वाजता मी माझ्या गिटारचा नेक पिकअप मारला. मुद्दाम नाही. पण मेला तो माझ्याच हातून, आणि मी इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर आहे हे लक्षात घेता ही गोष्ट मी दोन महिने कुणालाच सांगितली नाही.

ज्यांनी इलेक्ट्रिक गिटारचं पोट उघडं पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तारांच्या खाली पांढऱ्या पट्ट्यांसारखे दिसतात ते पिकअप. आत चुंबक असतं आणि त्याभोवती केसासारखी बारीक तांब्याची तार हजारो वेढे घेऊन गुंडाळलेली असते. वरची स्टीलची तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं, कॉईलमध्ये अगदी किंचित वीज तयार होते आणि ती वायरमधून अँपकडे जाते. बाकी पोटात फार काही नसतं. एक निवडीचा स्विच, तीन पॉट म्हणजे आपण ज्यांना बटणं म्हणतो ती, एखादा कपॅसिटर आणि थोड्या वायरी. पावसाळ्यात बिघडलेल्या मिक्सरमध्ये याहून जास्त भानगडी असतात.

माझी गिटार स्ट्रॅटोकॅस्टरची स्वस्त कॉपी आहे. पुण्यातल्या नोकरीच्या पहिल्या बोनसमधून घेतलेली. तिला तीन पिकअप आहेत: ब्रिजजवळ एक, मध्ये एक, मानेजवळ एक. १९५४ साली मूळची स्ट्रॅट आली तेव्हा तिचा स्विच तीन जागांचा होता, एका वेळी एकच पिकअप. पण वाजवणाऱ्यांना लवकरच कळलं की स्विच दोन जागांच्या मध्ये अडकवून ठेवला की दोन पिकअप एकत्र वाजतात आणि एक वेगळाच, पोकळ आणि चमकदार आवाज मिळतो. लोक काडेपेटीच्या काड्या लावून स्विच अडकवत होते की नुसता बोटाच्या अंदाजानं, ते ज्याचं त्याला ठाऊक. कंपनीनं पाच जागांचा स्विच दिला तो १९७७ साली. म्हणजे तेवीस वर्षं लोक एका चुकीच्या जागी स्विच ठेवून वाजवत होते आणि शेवटी ती चूकच कारखान्यात बनू लागली.

पाच जागा मिळाल्या तरी मानेजवळचा आणि ब्रिजजवळचा पिकअप एकत्र वाजत नाहीत. मला तेच हवं होतं. त्यासाठीचा बदल जुना आणि सोपा आहे: एक जादा स्विच लावायचा, जो मुख्य स्विच कुठेही असला तरी नेक पिकअप चालू करतो. पाचाचे सात आवाज होतात. डेव्हिड गिल्मोरच्या काळ्या स्ट्रॅटमध्ये असा एक छोटा स्विच होता. ती गिटार २०१९ साली लिलावात जवळजवळ चाळीस लाख डॉलरला गेली. माझ्या गिटारच्या बाबतीत तसं काही होण्याची शक्यता नव्हती, पण लाकडाला भोक पाडायला जीव धजेना. म्हणून मी टोनचा एक पॉट काढून त्या जागी पुश-पुल पॉट घेतला. फिरवला की टोन, वर ओढला की स्विच.

नेक पिकअपची वायर नव्या पॉटपर्यंत पुरेना. लांब वायर जोडावी म्हणून मी पिकअपच्या टोकाचा डाग सोडवायला गेले. आयर्न नीट तापली नव्हती, मी दाबून धरली, प्लास्टिक मऊ झालं, वायर ओढली. त्या वायरीसोबत आतली केसासारखी तार आली. आली ती पण आतल्या टोकाची. बाहेरचं टोक तुटलं असतं तर एक वेढा सोडवून परत जोडता आलं असतं. आतलं टोक कॉईलच्या तळाशी असतं, त्यावर आठ हजार वेढे बसलेले. मल्टिमीटरवर सहा-साडेसहा किलोओहम दिसायला हवे होते. तिथे काहीच दिसेना.

दुरुस्ती करणाऱ्या एका माणसाला दाखवला. तो म्हणाला, “हे कोणी भरत नाही आता. नवा टाका.”

‘भरणे’ हा शब्द मी कितीतरी वर्षांनी ऐकला.

*

माझे वडील मोटारी भरतात. मिरजेत, स्टेशनकडून मार्केटकडे येताना त्यांचा दहा बाय बाराचा गाळा आहे. होता. विहिरीवरच्या, बोअरच्या, पिठाच्या गिरणीच्या मोटारी, उन्हाळ्यात पंखे. जळालेली कॉईल कापून काढायची, स्लॉट साफ करायचे, कागद घालायचा, नवी तार भरायची, वार्निश पाजायचं, भट्टीत सुकवायची. आमच्या घरात अण्णांच्या कपड्यांना वार्निशचा वास यायचा तो रविवारीसुद्धा जात नसे.

मी एकुलती एक. शाळा सुटली की गाळ्यावर जायचे, पण माझी जागा बाहेरच्या खुर्चीत. वहीत गिऱ्हाइकाचं नाव, मोटारीची हॉर्सपॉवर आणि घेतलेला ॲडव्हान्स लिहायचा. आत यायचं नाही, कशाला हात लावायचा नाही. अण्णांनी कधी रागावून सांगितलं नाही. नुसतं म्हणायचे, “हात काळं हुतील. अभ्यास कर.” बारा वर्षांची असताना मी एकदा ते जेवायला गेल्यावर वाइंडिंग मशीनचं हँडल फिरवून बघितलं होतं. परत आल्यावर काउंटरवरचा आकडा बदललेला त्यांना दिसला. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मशीनवर कापड बांधलेलं असायचं. त्यावर्षीच माझ्या आतेभावाला, वय वर्षं चौदा, सुट्टीत काम शिकायला गाळ्यावर ठेवलं. तो दोन महिन्यांत कंटाळून गेला. कापड तसंच राहिलं.

मी इलेक्ट्रॉनिक्स केलं, पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगला लागले. मॅक्सवेलची समीकरणं मला पाठ होती आणि डाग देता येत नव्हता. ही गंमत मला तेव्हा गंमत वाटायची.

गिटार घेतली त्याच महिन्यात गाळ्याच्या कर्जाचा हप्ता चुकला होता, हे मला नंतर आईकडून कळलं. अण्णांनी ते मला कधीही ऐकवलं नाही. ऐकवलं असतं तर बरं झालं असतं असं मला बऱ्याचदा वाटायचं.

सप्टेंबरमध्ये गणपतीला मिरजेला गेले तेव्हा बॅगेत तो मेलेला पिकअप होता. अण्णांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता, ऑपरेशनची तारीख पुढच्या महिन्यातली मिळाली होती आणि दिवाळीनंतर गाळा सोडायचं ठरलं होतं. हे सगळं मला जेवताना, आमटी वाढता वाढता सांगण्यात आलं. मी बॅगेतून पिकअप काढून ताटाशेजारी ठेवला. दुसरं काय बोलावं ते सुचलं नाही म्हणून.

अण्णांनी तो डाव्या डोळ्याजवळ नेला. उलटा केला. सुटलेलं टोक दोन बोटांत घेऊन चोळलं.

“ही तार हाय व्हय? हा तर केस हाय.” मग म्हणाले, “किती वेढं?”

“आठ हजार.”

“बरं.”

*

मिरजेत वाद्याच्या आवाजात हात घालणं ही काही नवी गोष्ट नाही. सतारमेकर गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या तेच चालतं. तंबोऱ्याची जवारी काढणारा माणूस घोडीचा माथा कानसीनं किंचित किंचित घासतो, तार छेडतो, परत घासतो. तारेनं घोडीला नुसतं निसटतं शिवत राहिलं पाहिजे, तेव्हा तो भरलेला, झंकारणारा आवाज सुटतो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. अण्णांच्या गिऱ्हाइकांत त्या गल्लीतले लोक होतेच, त्यांच्याही घरचे पंखे जळतात. त्यामुळे आवाजासाठी कुणी एवढा खटाटोप करावा याचं त्यांना नवल वाटलं नाही. त्यांना नवल वाटलं ते हे काम त्यांच्याकडे आलं याचं.

मी पुण्यातून तार आणलेली होती. तपकीर गल्लीतून, बेचाळीस गेजची, कारण जगभर पिकअपसाठी बेचाळीस गेजच वापरतात असं मी वाचलं होतं. दुसऱ्या दिवशी गाळ्यावर गेलो. जुनी कॉईल मी ब्लेडनं कापून काढली. प्लास्टिकची बॉबिन, त्यात सहा लोखंडी खुंट्या, तळाला काळं फेराइटचं चुंबक चिकटवलेलं. अण्णांनी लाकडाचा तुकडा तासून बॉबिन मशीनच्या दांड्यावर बसवली आणि भरायला सुरुवात केली. मशीनवरचं कापड त्यांनी स्वतः सोडलं.

तीन हजार शंभराला बॉबिन भरली. आणखी एक वेढा बसायला जागा नव्हती.

मीटर लावला. नऊशे ओहमच्या आसपास. मी दोनदा तपासलं. मोबाईलवर शोधू लागले तेवढ्यात अण्णांनी खणातून मायक्रोमीटर काढला. कचऱ्यातून जुन्या कॉईलचं टोक उचललं, मापलं. नव्या तारेचं टोक मापलं.

“वाच. मला दिसत न्हाई.”

जुनी तार शून्य पॉइंट शून्य सहाच्या थोडी पुढे. नवी शून्य पॉइंट एक मिलिमीटरच्या वर.

“गेज कुणाचा?” अण्णांनी विचारलं.

आणि मला चार वर्षांचं इंजिनिअरिंग एका वाक्यात परत घ्यावंसं वाटलं. पिकअपवाले सांगतात तो बेचाळीस हा अमेरिकन गेज. आपल्याकडच्या दुकानात मिळतो तो ब्रिटिश, स्टँडर्ड वायर गेज. आकडा तोच, तार वेगळी. अमेरिकन बेचाळीसला जवळची आपली तार म्हणजे शेहेचाळीस नंबर.

“नंबरावर जाऊ नये,” अण्णा म्हणाले. “नंबर छापणाऱ्याचा असतोय. माप आपलं.”

शेहेचाळीसची तार सांगलीत रिलेच्या कॉईल भरणाऱ्या एका माणसाकडे निघाली. त्यानं पाव किलोच्या खाली द्यायला नकार दिला. एका पिकअपला लागते ती तार किलोमीटरभराहून लांब, पण वजनाला तीस-पस्तीस ग्रॅम. उरलेली माझ्याकडे अजून आहे.

*

ही तार भरताना मशीनवर अण्णा एकटे पुरेनात. पंख्याची तार तुटत नाही, ही श्वास लागला तरी तुटेल अशी. ताण जास्त झाला की तुटते, कमी झाला की वेढे सैल पडतात. अण्णांनी तार अंगठा आणि तर्जनीमध्ये बनियनच्या कापडाचा तुकडा घेऊन धरली. त्यांना ती दिसत नव्हती. बोटांना कळत होती.

“तू फिरव,” ते म्हणाले.

मी हँडल हातात घेतलं. मशीनच्या काउंटरचा शेकड्याचा आकडा अडकायचा, म्हणून दर शंभराला वहीत एक रेघ मारायची. गिऱ्हाइकांची तीच वही, मागच्या पानापासून.

एकोणीसशेला तुटली. काढून टाकली. परत पहिल्यापासून.

दुसऱ्या वेळी चार हजार पार झाल्यावर मी विचारलं. हात चालू असताना विचारणं सोपं असतं. “अण्णा, मला का शिकवलं नाही?”

“मोज.”

मी मोजलं. साडेचार, पाच, सहा हजार. बाहेर कुणीतरी मोटार ठेवून गेलं, अण्णांनी मान नुसती हलवली. साडेसहा हजारांच्या पुढे कधीतरी ते बोलू लागले, तारेकडे बघत, म्हणजे जिथे तार असणार तिथे बघत.

“गिऱ्हाईक म्हणालं असतं, पोरीला गाळ्यावर बसवलंय. तुझ्या आज्जीनं जेवू दिलं नसतं.” थोड्या वेळानं म्हणाले, “त्या दिवशी तू हँडल फिरवलंस ते मला कळलं हुतं.”

“माहितीय मला.”

“काउंटरवर तीनशे बारा हुतं. तार कुठंच तुटली नव्हती. एका अंगाला साचलीबी नव्हती.”

मी काही बोलले नाही. ते सॉरी म्हणाले नाहीत, आणि म्हणाले असते तर मला त्याचं काय करायचं ते कळलं नसतं. पण तीनशे बारा हा आकडा त्यांनी सोळा वर्षं लक्षात ठेवला होता. मी हँडल फिरवत राहिले. आठ हजारला थांबलो. मीटर सहा पॉइंट तीन किलोओहम.

आता वार्निश, असं अण्णा म्हणाले. मी म्हटलं, पिकअपला मेण पाजतात. कॉईल सैल राहिली तर मोठ्या आवाजात ती स्वतःच थरथरते आणि अँप किंचाळतं. अण्णा हसले. मोटारीलासुद्धा वार्निश त्याचसाठी पाजतात, तार जागची हलू नये. घरी पाण्याच्या पातेल्यात दुसरं पातेलं ठेवून मेणबत्त्या वितळवल्या. बुडबुडे यायचे थांबेपर्यंत पिकअप त्यात ठेवला. ते पातेलं आईनं नंतर कधी वापरलं नाही, आणि ते आम्हाला विसरूही दिलं नाही.

*

पुढच्या शनिवारी मी गिटार आणि छोटा अँप घेऊन परत मिरजेला. डाग मीच दिले. अण्णा शेजारी टॉर्च धरून बसले होते आणि एकच वाक्य परत परत म्हणत होते: “आधी काम तापव, मग शिसं लाव.” मी आजवर उलटं करत आले होते. आयर्नवर शिसं वितळवून ते थंड टोकावर थापायचे. तसा डाग दिसतो गोल आणि धरत काहीच नाही.

गिटार वाजली. नवा पिकअप एकटा छान, जुन्यापेक्षा थोडा जाडसर. मधला एकटा ठीक. दोन्ही एकत्र केले, आणि आवाज पातळ झाला. नाक दाबून बोलावं तसा. आणि घूंऽऽ. या जागेवर आधी कधीच घूं यायची नाही.

मी वायरिंग तपासू लागले. अण्णांनी थांबवलं. “परत वाजव. एकेक.” मी वाजवलं. “आता दोन्ही.” वाजवलं.

“फेज उलटी हाय,” ते म्हणाले.

आमच्याकडे हे शेतकऱ्याच्या पोरालाही ठाऊक असतं. थ्री फेजच्या दोन वायरी अदलाबदल झाल्या की मोटार उलटी फिरते. आवाज करते, वीज खाते, पाणी मात्र पुरेसं येत नाही. इथेही तेच. मधला पिकअप मुद्दाम उलटा भरलेला असतो आणि त्याचं चुंबकही उलटं असतं. उलट्याचं उलट होऊन तारांचा आवाज बेरजेत जातो आणि घरातल्या विजेची पन्नास हर्ट्झची घूं वजाबाकीत. आम्ही नेकची कॉईल भरली तीही उलट्या दिशेनं. चुंबक मात्र होतं तसंच. त्यामुळे आता आवाज वजा होत होता आणि घूं जमा. कुठल्या दिशेनं फिरवायचं हे बघायला मी विसरले होते. हँडल माझ्या हातात होतं.

“दोन टोकं बदल, झालं,” अण्णा म्हणाले.

झालंच असतं. पण तो पातळ आवाज मी परत एकदा वाजवला. मग पुश-पुल ओढून नेक आणि ब्रिज एकत्र केले. तिथेही तोच नाकातला आवाज, आणि गंमत म्हणजे घूं अजिबात नाही. मला तो आवडला. मी अण्णांना ब्रायन मेबद्दल सांगितलं. त्यानं १९६३ साली वडिलांच्या, हॅरॉल्डच्या, मदतीनं घरीच गिटार बनवायला घेतली. मानेला जुन्या फायरप्लेसच्या चौकटीचं लाकूड, मोटरसायकलच्या स्प्रिंगा. पिकअपसुद्धा आधी स्वतः केले होते, ते पसंत पडले नाहीत म्हणून विकत आणले. आणि प्रत्येक पिकअपला दोन स्विच दिले: एक चालू-बंदचा, एक फेज उलटी करण्याचा. मग त्याच गिटारीवर तो आयुष्यभर क्वीनमध्ये वाजवत राहिला, ज्या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकला होता.

अण्णांना पाचगणीत रस नव्हता. “बापानं शिकवलं व्हय त्याला?” त्यांनी विचारलं.

“दोघांनी मिळून केली.”

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “रिव्हर्स-फॉरवर्डचा स्विच लाव की मग. लेथला असतोय तसला.”

त्यांनी वहीच्या मागच्या पानावर, आमच्या ऐंशी रेघांच्या खाली, सहा टिंबं काढली आणि कोपऱ्यातली चार तिरपी जोडली. फुली. दोन टोकं मधल्या टिंबांतून आत, दोन बाजूनं बाहेर. स्विच इकडे केला की सरळ, तिकडे केला की उलटी. गिटारवाल्यांच्या आकृत्यांमध्ये जे मी कॉम्प्युटरवर पन्नासदा पाहिलं होतं तेच. दुसऱ्या टोनच्या जागी आणखी एक पुश-पुल बसला. ती फुली मी त्याच दुपारी जोडली, आठ डाग, एकही थंड नाही. अण्णांनी प्रत्येक डाग नखानं हलवून बघितला.

*

ऑक्टोबरमध्ये ऑपरेशन झालं, डोळा चांगला आहे. दिवाळीनंतर गाळा गेला. भट्टी आणि हत्यारं एका पोरानं घेतली, तो कुपवाडला काम करतो. वाइंडिंग मशीनला भंगारवाला वजनावर पैसे देत होता. ते मी एसटीनं पुण्याला आणलं. कंडक्टरनं त्याचं अर्धं तिकीट मागितलं, मी दिलं.

बँडमधल्या दोघांनी मेलेले पिकअप आणून दिले. मग त्यांच्या ओळखीच्या एकानं. रोज नाही, महिन्यातून एखादा. काउंटरचा शेकड्याचा आकडा अजून अडकतो, मी तो दुरुस्त केलेला नाही, रेघा मारते. पैसे घेते. वही तीच आहे: नाव, पिकअप कुठला, ॲडव्हान्स किती.

परवा एक जुना जपानी पिकअप आला. आतली तार मला नेहमीपेक्षा वेगळी वाटली म्हणून अण्णांना फोन केला. मी अजून सांगतच होते, ब्रँड कुठला, साल कुठलं, कुठे काय वाचलं.

“माप घेतलंस का?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, नाही.

“मग घे. आणि फिरवायची दिशा बघून ठेव आधी,” म्हणाले, आणि जेवायला बसायचंय म्हणून फोन ठेवून दिला.